प्लॉटिंग वाढत चाललंय, पण रस्ते एकमेकांना का भेटत नाहीत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. रत्नागिरी शहराला लागून असलेल्या तुमच्या गावात गेल्या काही वर्षांत एकापाठोपाठ एक प्लॉटिंग झालं. प्रत्येक प्लॉटिंगचा रस्ता स्वतंत्र आहे आणि प्रत्येक रस्ता मुख्य रस्त्यावरच उतरतो. घरामागच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उभं राहिलं की शाळा दिसते, पण मुलांना तिथे जायला मुख्य रस्त्यापर्यंत खाली यावं लागतं, गाड्यांच्या कडेने चालावं लागतं आणि मग दुसऱ्या रस्त्याने परत वर चढावं लागतं. गावात सगळे म्हणतात, "शहर वाढलं की रस्ते आपोआप जोडले जातील." हे खरं आहे का, आणि ग्रामपंचायत सदस्य म्हणून तुमच्या हातात काय आहे, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं कोकणात नगररचनेची कामं करतो आहे. जमीनमालकांसाठी ले-आउटचे, म्हणजे जमिनीत प्लॉट आणि रस्ते पाडण्याचे, नकाशे काढले आहेत आणि छोट्या शहरांच्या विकास आराखड्यांवरही काम केलं आहे. त्या अनुभवावरून सांगतो, रस्ते आपोआप जोडले जात नाहीत. डांबर कधीही टाकता येतं. गटार दहा वर्षांनी बांधता येतं. भांडून, मोबदला देऊन रस्त्याची रुंदीसुद्धा वाढवता येते. पण दोन प्लॉटिंगमध्ये जिथून वाट जायला हवी होती तिथे एकदा चिऱ्याचं कंपाउंड आणि त्याच्यामागे कुणाचं स्वयंपाकघर उभं राहिलं, की ती वाट जवळजवळ कायमची गेली. तुमच्या गावात रस्ते कमी आहेत असं मला वाटत नाही. दोन रस्त्यांच्या टोकांमधले दहा-वीस फूट कुणाच्याच नकाशात नाहीत, खरी अडचण तिथे आहे.

हे मोजता येतं आणि ग्रामसभेत बोलायचं असेल तर मोजावंच. समजा घरापासून शाळा सरळ रेषेत ३०० मीटर आहे. रस्त्याने जाताना ७०० मीटर खाली, ४०० मीटर मुख्य रस्त्याच्या कडेने आणि ९०० मीटर वर, म्हणजे दोन किलोमीटर पडतात. जवळपास सातपट. चौकटी-चौकटीच्या जाळ्यात, कुठल्याही नाक्यावरून कुठल्याही नाक्यावर जा, रस्त्याचं अंतर सरळ अंतराच्या सुमारे १.४१ पटीच्या वर जात नाही आणि सरासरी १.२७ पटीच्या आसपास राहतं. कोकणाच्या उतारावर चौकटी पडत नाहीत हे मला मान्य आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. पण दुप्पट अंतर भूगोलामुळे पडलं असं म्हणता येईल, सातपट नाही.

आणखी एक सोपी मोजणी आहे. गावातले सगळे नाके, म्हणजे रस्ते एकमेकांना मिळतात त्या जागा, मोजा, रस्त्याचं प्रत्येक बंद टोकही एक नाका धरा. मग दोन नाक्यांमधले रस्त्याचे तुकडे मोजा. तुकड्यांची संख्या नाक्यांपेक्षा बरोबर एकने कमी भरली, तर तुमच्या गावात एकही लूप, म्हणजे फिरून परत त्याच जागी येणारा रस्ता, नाही. सगळी रचना झाडासारखी आहे आणि एका फांदीच्या शेंड्यावरच्या मुंगीला शेजारच्या शेंड्यावर जायला खोडापर्यंत उतरावं लागतं. त्यापुढे वाढलेला प्रत्येक तुकडा एक लूप तयार करतो. जिथे जोडणीचे नियम आहेत तिथे दर नाक्यामागे १.४ तुकडे हे किमान प्रमाण बऱ्याचदा धरतात. मी कोकणातल्या ज्या नवीन वस्त्या अशा मोजल्या, त्यांतल्या बहुतेक एकच्याही खाली भरल्या.

असं का होतं? यात कुणा एका बिल्डरचा दुष्टपणा शोधू नका. आपल्याकडे जमिनी लहान, लांबट आणि सामायिक. एका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं आणि त्यातले निम्मे मुंबईत. ज्याला प्लॉटिंग करायचं आहे तो जी जमीन मोकळी मिळेल ती घेतो, तिचं प्रकरण स्वतंत्र चालतं आणि त्या एका गटापुरताच, म्हणजे जमिनीच्या त्या एका नंबरापुरताच, नकाशा मंजूर होतो. रस्त्याखाली गेलेली जमीन विकता येत नाही, म्हणून रस्ता शेवटच्या प्लॉटपर्यंत पोहोचला की तिथेच थांबतो. तो पुढे शेजारच्या हद्दीपर्यंत न्यायचा तर एक प्लॉट कमी होतो, आणि शेजाऱ्याची जमीन त्यामुळे महाग होते, स्वतःची नाही. शिवाय अंतर्गत रस्ता जितका लांब तितका तो रुंद ठेवावा लागतो असा नियम आहे, त्यामुळे आखूड बंद गल्ल्या काढणं फायद्याचं पडतं. गिऱ्हाईकालाही शेवटचा, 'शांत' प्लॉट हवा असतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो, पण सगळे मिळून जे तयार होतं त्यात मुलाला शाळेत सोडायला स्कूटर काढावी लागते.

हे फक्त आपल्याकडे होतंय असंही नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात घरकर्जाची हमी देणाऱ्या सरकारी संस्थेनेच चौकटीचे रस्ते टाळा, बंद गल्ल्या काढा असा सल्ला दिला, आणि पुढची कित्येक दशकं उपनगरं तशीच वाढली. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये तिथल्या जवळपास शतकभराच्या रस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवीन रस्त्यांमधलं तुटलेपण तिथे १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाढत गेलं आणि मग उतरू लागलं, असं त्यांना आढळलं. २०२० मध्ये त्यांनी हाच हिशेब जगभराचा मांडला, तेव्हा १९७५ नंतर एकूण जगात हे तुटलेपण वाढतच गेल्याचं दिसलं. बंद टोकं किती, तीन फाट्यांचे नाके किती, चार फाट्यांचे किती, वळसा किती पडतो, अशा गोष्टी एकत्र करून त्यांनी मोजमाप केलं. त्यातून मला कामाच्या दोन गोष्टी मिळाल्या. हा कल उलटवता येतो, ही एक. व्हर्जिनिया राज्याने २००९ मध्ये, नवीन वसाहतीचे रस्ते शेजारच्या रस्त्यांना जोडलेले नसतील तर सरकार त्यांची देखभाल घेणार नाही, असा नियम केला होता. नंतर तो सैल झाला, पण पैशाची किल्ली कुठे असते ते त्यातून कळतं. दुसरी गोष्ट मात्र कठोर आहे: उलटतो तो नव्या रस्त्यांचा कल. जुने रस्ते जसे पडले तसेच राहतात. १६६६ च्या आगीत लंडन जळून खाक झालं, नव्या रुंद रस्त्यांचे आराखडेही तयार झाले, तरी शहर बहुतांशी जुन्याच गल्ल्यांवर परत उभं राहिलं, कारण प्लॉटच्या मालकीच्या हद्दी आगीत जळत नाहीत.

मुंबईचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते काढले गेले. त्यासाठी घरं पाडावी लागली, माणसं हलवावी लागली आणि प्रचंड पैसा गेला. त्याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला शेतं आणि वाड्या होत्या तिथे आधी रस्ते आखले आणि मग प्लॉट दिले. हिंदू कॉलनीत किंवा माटुंग्याच्या पाच उद्यानांच्या भागात आज चालून बघा, कुठल्याही गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाता येतं. संस्था एकच आणि काळही साधारण एकच होता. फरक एवढाच की एका ठिकाणी घरं आधी आली होती आणि दुसऱ्या ठिकाणी रस्ता.

आता कोकणाकडे येतो, कारण इथे एक वेगळीच गोष्ट घडते आहे. २००१ ते २०११ या दोन जनगणनांच्या दरम्यान रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली आणि सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर. माणसं कमी झाली, तरी बांधकाम पसरलं. वाडीतलं घर बंद, शहराजवळ प्लॉट, मुंबईकरांचं सेकंड होम, स्टेशनजवळ दुकानगाळे. म्हणजे 'लोकसंख्येच्या रेट्याने' शहर पसरतंय हे कारण इथे पुरं पडत नाही. इथे वस्ती जागा बदलते आहे, आणि ती मुख्य रस्ता धरून बदलते आहे. रत्नागिरीचंच बघा. जुन्या शहरात राम आळी, गोखले नाका, धनजी नाका हा भाग अरुंद आहे, गाडी लावायला जागा नाही, पण चालणाऱ्याला एकाच ठिकाणी जायला तीन वाटा सापडतात. तिथून मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव असं हातखंब्याच्या दिशेने जाऊ लागलात की शहर एका दोरीला लटकल्यासारखं होत जातं. रस्ता रुंद, पण पर्याय एकच. कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं मूळ गावापासून लांब पडली, त्यांनीही ही दोरी ताणली. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण झालं तशी कुडाळ, कणकवलीच्या बाजूलाही हीच गोष्ट दिसते.

या रचनेची किंमत रोज थोडी थोडी मोजली जाते म्हणून ती जाणवत नाही. दूध आणायला जाणारी स्कूटर आणि गोव्याला जाणारा ट्रेलर एकाच रस्त्यावर येतात. मग गर्दी झाली म्हणून तो रस्ता आणखी रुंद करतात आणि पायी ओलांडणं आणखी धोक्याचं होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात झाडं पडून रस्ते बंद झाले होते. ज्या वस्तीला एकच तोंड आहे तिच्या तोंडावर झाड पडलं तर आतले सगळे अडकतात, लूप असेल तर दुसऱ्या बाजूने अँब्युलन्स येते. पाण्याच्या पाइपचंही असंच आहे. पाइप रस्त्याखालून जातो, रस्ता बंद टोकाचा तर पाइपही बंद टोकाचा, आणि शेवटच्या घराला दाब कमी मिळतो, पाणीही साचून राहतं. दोन टोकं जोडली की दोन्हीकडून पाणी येतं. हा मुद्दा ग्रामसभेत बायका सगळ्यात लवकर उचलून धरतात, असा माझा अनुभव आहे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण सरसकट सगळं जोडा असं मी म्हणणार नाही.

पहिला प्रश्न उताराचा. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, सपाटी असेल तर रस्ते बऱ्यापैकी जाळीदार काढता येतात. पण सड्यावरून वाडीत उतरणाऱ्या भागात गाडीरस्ता समपातळीने, उताराला आडवाच जायला हवा. उभा रस्ता काढलात तर पावसाळ्यात तोच वहाळ (ओढा) होतो. माझा स्वतःचा नेम असा आहे की एकास दहापेक्षा जास्त चढ असेल तर तिथे गाडीचा हट्ट सोडायचा आणि पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, करायची. आपल्या पूर्वजांनी हेच केलं होतं: गाडीवाट लांबून, माणसाची वाट जांभ्याच्या पायऱ्यांनी थेट. पाखाडी ही जोडच आहे. शाळेतल्या मुलाला, देवळात जाणाऱ्या आजीला, बसस्टॉप गाठणाऱ्या माणसाला तीन मीटरची पाखाडी नऊ मीटरच्या रस्त्याइतकीच उपयोगी पडते, आणि तिला जमीन कितीतरी कमी लागते. वहाळ किंवा पऱ्या (लहान ओहोळ) मध्ये आला तर साकव (छोटा पूल) घाला, पण वाट काढायची म्हणून पाणी अडवू नका. पऱ्या बुजवून केलेला रस्ता एका चांगल्या पावसात दोन्ही प्लॉटिंगना महागात पडतो.

दुसरा प्रश्न, तुमच्या जागेवर अधिकार कुणाचा. तुमचा भाग ग्रामपंचायतीत असला तरी ले-आउटला मंजुरी बहुधा जिल्हा पातळीवरून, नगररचना शाखेच्या अभिप्रायाने मिळते. प्रादेशिक योजनेत मोठे रस्ते दिसतात, गल्ल्या दिसत नाहीत. उद्या हद्दवाढ होऊन तुम्ही नगरपरिषदेत गेलात तर विकास आराखडा लागू होईल आणि त्यात आखलेले रस्ते, म्हणजे डीपी रोड, येतील. पण डीपी रोडवर फार विसंबू नका. ते मोठे असतात, आतल्या जोडण्या ते करत नाहीत, आणि दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देऊन आरक्षण रद्द करण्याच्या मार्गाला लागू शकतो. सगळ्यांच्या जमिनी एकत्र घेऊन, रस्ते काढून, मग आकार बदललेले प्लॉट परत देणारी नगररचना योजना हा खरा इलाज आहे. पनवेलजवळ 'नैना' भागात सिडको ही सरकारी नियोजन संस्था ते करते आहे. एका ग्रामपंचायतीला मात्र तो न पेलणारा. म्हणून छोट्या, नेमक्या जोडण्यांवर जोर लावा.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची भीती. "आमच्या गल्लीतून सगळा गाव जाईल, चोऱ्या होतील, रात्री बाइकवाले येतील." या भीतीला हसू नका. एकच जोड असेल तर खरोखर सगळा गाव तिथूनच जातो. चार-पाच जोडण्या असतील तर प्रत्येकीवर थोडी थोडी माणसं येतात, म्हणून जोडण्या एकेक करून मागण्यापेक्षा एकत्र मांडा. आणि जिथे विरोध जास्त तिथे फक्त चालणाऱ्यांसाठी वाट ठेवा, मध्ये दोन खांब रोवा, एक दिवा लावा. एका गावात दोन प्लॉटिंगमधली अशी वाट करताना ज्या घरमालकांनी कडाडून विरोध केला होता, त्यांच्याच घरची मुलं ती वाट वापरू लागल्यावर विरोध विरला. नेहमी असं होईल याची खात्री देत नाही, पण गाड्या येणार नाहीत हे खांब बघून पटतं, बोलून पटत नाही.

आता तुम्ही काय करावं. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या. त्यावर तुटक रेषांनी जुन्या वाटा दाखवलेल्या असतात, एकेरी तुटक रेष म्हणजे पायवाट आणि दुहेरी म्हणजे गाडीवाट. गावातल्या दोन जुन्या माणसांना घेऊन त्या वाटा चालून बघा. अर्ध्या तरी कुठल्यातरी कंपाउंडने अडलेल्या सापडतील, पण उरलेल्या अजून मोकळ्या असतात आणि नकाशावर असल्यामुळे त्यांच्यावरचा गावाचा दावा भक्कम असतो. त्याच नकाशावर मंजूर ले-आउट चढवा. कुठली बंद टोकं एकमेकांच्या जवळ आहेत ते लगेच दिसेल. मोठ्या ले-आउटमध्ये सोडावी लागणारी दहा टक्के मोकळी जागा बऱ्याचदा मागच्या हद्दीला टाकलेली असते. दोन ले-आउटच्या मोकळ्या जागा पाठीला पाठ लागून असतील तर चालण्याची वाट तिथे सगळ्यात कमी कटकटीत होऊ शकते, नगररचना कार्यालयात तसं विचारा.

पुढच्या प्लॉटिंगसाठी प्रस्ताव येण्याआधीच ग्रामसभेचा ठराव करा. 'रस्ते जोडावेत' असा मोघम ठराव फायलीत पडून राहतो. अमुक गटाच्या पूर्व हद्दीपासून अमुक गटाच्या रस्त्यापर्यंत इतक्या मीटरची वाट, असं लिहा, सोबत नकाशा जोडा आणि नगररचना शाखेला पाठवून पोच घ्या. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ले-आउटचे रस्ते शेजारच्या जमिनींतल्या रस्त्यांशी जुळवून घेण्याची तरतूद आहे. ती वापरायला छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याला कागद लागतो, तो तुम्ही द्या. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे रस्ता मागण्याचा सल्लाही तुम्हाला कुणी देईल. ते कलम शेतात जायला बांधावरून वाट मिळावी म्हणून आहे, वसाहती जोडायला ते फारसं कामाला येत नाही.

जी वाट मिळेल तिची नोंद ग्रामपंचायतीच्या २३ नंबरला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, करा आणि जमीन खाजगी असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र घ्या. तोंडी संमतीवर पाखाडी बांधू नका, कारण मालक गेला आणि मुलांनी जमीन विकली की नव्या मालकाला तो शब्द बांधत नाही. सहहिस्सेदारांच्या सह्या ही कोकणातली सगळ्यात मोठी अडचण आहे आणि तिला कॅलेंडरच उपयोगी पडतं. गणपतीत आणि शिमग्याला मुंबईकर गावात असतात. मसुदा, मोजणीचा नकाशा, सगळ्यांचे ओळखपत्रांचे कागद श्रावणातच तयार ठेवा, दुय्यम निबंधकाकडची वेळ आधी घ्या. एखादा हिस्सेदार अडलाच तर त्याच्या बाजूने दोन फूट कमी आणि दुसऱ्या बाजूने दोन फूट जास्त घेऊन वाट काढता येते का ते मोजणीच्या वेळीच बघून ठेवा. पायवाटेच्या बाबतीत हे बहुतेक वेळा जमतं.